काच काढायची की रद्दी लावायची?

भाच्याने जुनी मारुती 800 घेतली आहे आणि तिला घरच्या अंगणातच रंग मारायचं त्याच्या मनात आहे. कंप्रेसर भाड्याने ठरवलाय, गन मित्राची आहे. परवा फोनवर विचारत होता, "मामा, काचा काढाव्याच लागतात का? पेपर चिकटवून नाही भागत?"

भागतं. मी भागवलं होतं.

माझी 800 ही 2008 ची. 2021 चा लॉकडाऊन उठल्या उठल्या मी तिला रंग काढला. काचा काढायची हिंमत नव्हती, म्हणून घरातली रद्दी आणि कागदी टेप घेऊन बसलो आणि सगळ्या काचा झाकून टाकल्या. वर्तमानपत्राचा कागद थिनर पितो, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप सोडवला तर मागच्या काचेवर अक्षरं उमटलेली. बाहेरून बघितली तर उलटी, पण गाडीत बसून मागे वळलं की सुलट. आणि मजकूर? माझ्याच सदराचा, आदल्या महिन्यातला. एवढा जवळून वाचणारा वाचक मला त्याआधी मिळाला नव्हता.

थिनरच्या बोळ्याने तो लेख पुसला गेला. रबराच्या कडेचा रंग मात्र दोन पावसाळेही टिकला नाही. काचेभोवतीच्या रबरावर थोडा आणि पत्र्यावर थोडा, असा तो बसला होता. रबर हलतं, उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. त्याच्याबरोबर रंगाची कड उचलली गेली आणि पापडासारखी सुटायला लागली.

2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली आणि आरसी नूतनीकरणाची वेळ आली. त्याच वर्षी आमच्या शहराचं नाव सरकारदरबारी बदललं. नंबरप्लेटीवरचं एमएच-20 होतं तसंच राहिलं. तपासणीला न्यायच्या आधी गाडी जरा बरी दिसावी म्हणून एका जुन्या पेंटर चाचांना घरी बोलावलं. त्यांनी सुटलेल्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ऐसा काम नक्को करो भाई. ये कलर रबर को हुआ, गाडी को नै हुआ."

चाचांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यात आधी सगळा सांगाडा रंगवतात, भट्टीत भाजतात आणि काचा त्यानंतर बसवतात. आमच्या शहराजवळच्या शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, तिथेही क्रम तोच. काच काढणं म्हणजे गाडीला परत त्या पायरीवर नेऊन उभं करणं.

800 ची पुढची काच चिकटवलेली नसते, जाड रबराच्या खाचेत धरलेली असते. आधी वायपर काढले. मग चाचांनी आतून लाकडी चपटी पट्टी घालून रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवरून सोडवत नेली. लोखंडी पान्याला हातही लावू दिला नाही. शेवटी मी सीटवर आडवा झालो, पाय गोधडीत गुंडाळले आणि वरच्या कोपऱ्यावर हळूहळू दाब दिला. बाहेर चाचा आणि शेजारचे काका हात पसरून उभे. काच सुटताना जो ओला, चिकट आवाज आला, तो ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

आणि मग दिसलं ते. रबराखाली बोटभर रुंदीची मूळ रंगाची पट्टी होती, ऊन न लागलेली, दुधासारखी. तिच्या शेजारी आमचं छत ठेवून बघितलं तर ते चक्क सायीच्या रंगाचं! इतकी वर्षं आम्ही गाडीला पांढरी म्हणत होतो. खालचे दोन्ही कोपरे तर बघवत नव्हते. रबरामागे पाणी साचून पत्र्याला भाकरीच्या पापुद्र्यासारखा गंज चढला होता, एका ठिकाणी पेन आरपार गेलं. पावसाळ्यात मॅटखाली येणाऱ्या कुबट वासाचं खापर मी दरवर्षी मुलाच्या ओल्या छत्रीवर फोडत आलो होतो.

गंज खरवडणं, छिद्राला पत्रा जोडणं, प्रायमर, लांबी, घासणं, यात चार दिवस गेले. त्यातले दोन पाण्याची वाट बघण्यात. वॉटर पेपरला पाणी लागतं, आणि जायकवाडी पन्नास किलोमीटरवर असून आमच्याकडे नळाला वार असतो. टाकीतलं पाणी गाडीला द्यायचं की कपड्यांना, यावर घरात मतदान झालं. गाडी हरली.

त्या रिकाम्या दिवसांत काचेबद्दल वाचलं. पुढची काच दुहेरी असते, मध्ये पारदर्शक पापुद्रा. फुटली तरी जागेवर राहते. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला 1903 मध्ये सुचली ती हातून पडलेल्या एका चंबूमुळे. चंबूला तडे गेले पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत नायट्रोसेल्युलोजचा थर वाळलेला होता. गंमत म्हणजे जुने मिस्त्री ज्याला ड्युको म्हणतात, तो रंगही नायट्रोसेल्युलोजचाच.

मागची काच वेगळी. ती कडक केलेली, एकेरी. फुटली की तिचे दाणे होतात. हे मी वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. चाचा जेवायला गेलेले असताना मी एकट्याने ती काढली आणि नीट काढलीही. भिंतीला टेकवताना कोपरा फरशीला लागला. आवाज फार मोठा नव्हता. समोर अंगणभर खडीसाखर. अजूनही मोगऱ्याच्या कुंडीतून एखादा दाणा निघतो.

काच परत बसवायची युक्ती मला फार आवडली. रबर काचेला चढवायचं, त्याच्या आतल्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी बसवायची, टोकं खाली मधोमध आत सोडायची. साबणाचं पाणी लावून बाहेरून काच टेकवायची आणि आतून दोरी ओढत जायचं. दोरी निघत जाते तशी रबराची ओठाळी पत्र्यावर आपोआप उलटते. 2010 साली एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज विकत घेणाऱ्या शहरात मी वाळत घालायच्या दोरीने गाडीची काच बसवत होतो.

नव्या गाड्यांना मात्र हा प्रयोग करू नये. त्यांची पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. ते काम तारेने कापणाऱ्या जाणकारांचं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुढची-मागची काढतो, पण दारांच्या नाही. ते मला पटलं. दाराची काच खाली करून बाहेरची रबरपट्टी तेवढी काढली की पुरतं, फक्त रंगाचा फवारा फटीतून आत जाऊ नये म्हणून ती फट झाकायची. रविवारी येतोय. म्हणाला, "मामा, फटीत कोंबायला तुमच्याकडची रद्दी ठेवा ना."

शेजारच्या काकांकडून त्यांचा इंग्रजी पेपर मागून ठेवला आहे.