परिचारिकेचें मनःस्वास्थ्य

रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, असें आपण सहज बोलतों. परंतु सेवा करणारीच्या मनाची विचारपूस कोणी करतो काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालीं एका क्रूर हल्ल्यामुळें अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजीं त्यांचें देहावसान होईपर्यंत तेथील परिचारिकांनीं, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीनें, त्यांची शुश्रूषा केली. इतकी चिकाटी केवळ अंगबळावर टिकत नाहीं. तिला मनाचें स्थैर्य लागतें. एका खाटेकडून दुसरीकडे जातांना हात धुवावेच लागतात. तेवढा वेळ चित्त पाण्यावर व श्वासावर ठेवल्यास मागच्या खाटेच्या दुःखाचें ओझें थोडें हलकें होतें. हेंच तिचें ध्यान, हीच तिची प्रार्थना. मात्र थकलेल्या देहास विश्रांति न देतां शांतीचा उपदेश करणें हा निव्वळ निष्ठुरपणा होय. सफाळ्याच्या पालकहो, रात्रपाळी संपवून लेक किंवा सून गाडीनें घरीं येईल, तेव्हां तिच्या हातीं पाण्याचा हंडा देण्यापूर्वीं तिला घटकाभर निवांतपणा द्या. आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हीही त्या वेळीं गलबला न करितां तिची झोप राखा.