पाय कापायला पैसा, पाय राखायला का नाही?

मधुमेह हा गादीवर लोळणाऱ्या शेटजीचा रोग, असा एक सोयीस्कर समज अद्याप टिकून आहे. सोयीस्कर अशासाठी, की रोग चैनीचा ठरला म्हणजे उपाय संयमाचा ठरतो आणि शासन नामानिराळे राहते. पवनारच्या शिवारात दिवसभर कापूस वेचणारी शेतमजूर स्त्री कोणती चैन करते? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर सांगितली. एवढे शेटजी या देशात नाहीत!

हा रोग शरीर मुकाट्याने पोखरतो. पावलांची संवेदना जाते. पऱ्हाटीचे धसकट रुतले तरी कळत नाही. जखम चिघळते आणि अखेर पाय कापावा लागतो. डोळ्यांची व मूत्रपिंडांची कथा निराळी नाही. परंतु हे अटळ नव्हे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास ही हानी बरीच टळते, हे ब्रिटनमधील प्रदीर्घ अभ्यासाने १९९८ सालीच सिद्ध केले. त्यासाठी हव्यात नियमित गोळ्या, ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवी व पावले यांची तपासणी, आणि पायांत धड वहाण.

आता सरकारी हिशेब पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. २०१६ पासून गरिबांच्या डायलिसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. हे हवेच. पण रोजच्या गोळ्या विम्याच्या कक्षेबाहेर! सरकारी दवाखान्यात त्या मोफत. मात्र साठा संपला, की मजुरी बुडवून खेटे घालायचे किंवा पदरमोड करून विकत घ्यायच्या. मूत्रपिंड निकामी झाल्यावर जागे होणारे शासन ते निकामी होऊ नये म्हणून जागत नाही.

आम्ही मागतो ते स्वप्नरंजन नव्हे. पवनारजवळच्या सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या गावांतून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. गावात आरोग्यसेवक व औषधे, पाठीशी रुग्णालय, अशी ती साखळी होती. गरिबांच्या ज्वारीवर जे उभे राहिले, ते शासनाच्या तिजोरीवर का उभे राहू नये?

साथींनो, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. गावात किती मधुमेहींची नोंद आहे? गोळ्यांचा साठा किती दिवस पुरेल? गेल्या वर्षी किती जणांची पावले तपासली? संयमाचे उपदेश पुष्कळ झाले. आता उत्तरे हवीत.