कृत्रिम ज्वालामुखी आणि आपला पाऊस
15 जून 1991 रोजी फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्यातून निघालेला दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड पाऊस-ढगांच्याही वर, स्थितांबरात पोहोचला. राख लवकर खाली बसली. हवामान बदलले ते या वायूमुळे. त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब झाले आणि त्या उंचीवर ते धुऊन काढणारा पाऊस नसल्याने दोनेक वर्षे पृथ्वीभर तरंगत राहिले. सूर्यप्रकाशाचा काही भाग त्यांनी अवकाशात परतवला आणि 1992 साली जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी जवळपास इतकीच घट आधी वर्तवली होती. मग निसर्गाने केले ते विमानांनी गंधक फवारून माणसाने का करू नये, हा प्रश्न आता गांभीर्याने विचारला जातो. माझ्या मते पिनातुबोचाच पुरावा नीट वाचला, तर पावसावर जगणाऱ्या देशांनी याला तूर्त ठाम नकार द्यायला हवा.

कारण त्या काळात फक्त तापमान घटले नाही. जगभरातल्या जमिनीवरचा पाऊस कमी झाला, नद्यांतून समुद्राला मिळणारे पाणीही घटले. ऊन कमी झाले की बाष्पीभवन मंदावते. शिवाय मोसमी वारे जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतात. सावली पडली की जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि हा फरकच आटतो. सावली कुठे पडते यालाही महत्त्व आहे. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात 1900 ते 2010 या काळातल्या चार सर्वांत कोरड्या पावसाळ्यांपैकी तीन उत्तर गोलार्धातल्या मोठ्या उद्रेकांनंतरचे होते. म्हणजे एकाने आपल्या सोयीने आकाशात गंधक सोडायचे आणि दुसऱ्याच्या शेतात दुष्काळ पडायचा, हे घडू शकते. आणि तो दुष्काळ त्या फवारणीमुळेच पडला हे सिद्ध कोण करणार?

याचे समर्थक म्हणतात की उष्णतेनेही माणसे मरत आहेत आणि कर्बउत्सर्जन पुरेशा वेगाने घटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही गोलार्धांत समतोल राखून थोडीच फवारणी केली तर पावसाची हानी बरीच टळेल, असे काही संगणकीय प्रारूपे दाखवतात. तेही मी नाकारत नाही. पण गंधकाचे थेंब वर्षा-दोन वर्षांत खाली येतात आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. म्हणून एकदा सुरू केलेली फवारणी पिढ्यान्‌पिढ्या, न चुकता चालू ठेवावी लागेल. युद्धाने किंवा आर्थिक संकटाने ती थांबली, तर दाबून ठेवलेली सारी तापमानवाढ थोड्याच वर्षांत उसळून येईल. इतक्या झपाट्याशी ना पिके जुळवून घेतील, ना जंगले. समुद्राचे आम्लीकरण तर या सावलीने थांबतच नाही, आणि ओझोनच्या थराला झळ बसते हे पिनातुबोनंतर प्रत्यक्ष दिसले आहे.

संशोधनाला माझा विरोध नाही. उद्या कोणी एकतर्फी फवारणी केलीच, तर तिचे परिणाम ओळखण्याइतके ज्ञान आपल्याकडे हवे. चिंता आहे ती नियमांच्या अभावाची. एका खासगी कंपनीने मेक्सिकोच्या भूमीवर परवानगीविना प्रयोग केल्याचे उघड झाल्यावर जानेवारी 2023 मध्ये त्या देशाने असे प्रयोग रोखण्याची घोषणा केली. 2024 मध्ये नैरोबीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत यावर तज्ज्ञगट नेमण्याचा स्वित्झर्लंडचा प्रस्ताव एकमताअभावी मागे पडला. महाराष्ट्रातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे. जूनचा पाऊस पंधरा दिवस लांबला तरी दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. अशा शेतीवर जगणाऱ्या भारताने या चर्चेत प्रेक्षक म्हणून बसू नये. मोसमी पावसाच्या देशांची संमती आणि नुकसानभरपाईची बंधनकारक व्यवस्था ठरेपर्यंत स्थितांबरात कोणीही गंधक सोडू नये, असा आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वतः मांडावा आणि त्यासाठी साहेलच्या देशांना सोबत घ्यावे.