निदानाचे पैसे कोण देणार?

आधीच सांगून टाकतो. हा लेख मी मेकॅनिक लोकांना शिव्या घालायला लिहायला घेतला होता. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की शिव्या खायची पाळी आपली आहे. आपली म्हणजे माझी, आणि लॅपटॉपची बॅग पाठीला लावून हिंडणाऱ्या तुमचीसुद्धा.

तर झालं असं. बाबांकडे १९९९ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. हिरो आणि होंडा यांनी २०१० साली फारकत जाहीर केली, आमच्या टाकीवर मात्र दोघं अजून सुखाने नांदतायत. मी पुण्यात, आई-बाबा नाशकात, गंगापूर रोडला. बाबा आता रिटायर झालेत, आठवड्यातून दोन-तीनदा विल्होळीला मित्राच्या मळ्यावर जातात. या उन्हाळ्यात गाडीने मिसिंग सुरू केलं. रोज नाही, तीन खेपांतून एखाद्या वेळी. पंधरा-वीस मिनिटं मस्त पळणार, मग दोन-चार झटके, मग बंद. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू. आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्या बाळासारखी टुकटुक टुकटुक.

पहिल्या वेळी प्लग बदलला. दुसऱ्या वेळी प्लगची कॅप, आणि कार्बोरेटर साफ. तिसऱ्या वेळी सीडीआय. मग एचटी कॉइल. दर वेळी "आता बघायचं कामच नाही", आणि दर वेळी एक-दोन खेपा खरंच बघायचं काम पडलं नाही. एकूण अडीच हजार गेले. मध्येच कोणीतरी ई-२०चं भूत आणलं. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागल्यापासून जुन्या गाडीला काहीही झालं की तेच उत्तर. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी वेगळं होतं, हे खरंच आहे. पण ते तपासायला काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवायचं आणि बघायचं. एवढं कोणी केलं नव्हतं. आणि हो, मीही केलं नव्हतं!

मग एका दुपारी पाथर्डी फाट्यावर वळण घेताना गाडी बंद पडली. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून बरं. बाबांनी हे मला चार दिवसांनी सांगितलं, तेही सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. माझी मात्र झोप उडाली. कायमची बंद पडलेली गाडी कोणाला मारत नाही, ती घरी उभी असते. अधूनमधून बंद पडणारी मारते.

शनिवारी तणतणत गॅरेज गाठलं. मेकॅनिक काका बाबांच्या ओळखीचे, माणूस सरळ. म्हटलं, "काका, चार पार्ट बदलले. बिघाड नक्की कशात होता?"

काका हात पुसत म्हणाले, "दादा, खरं सांगू? गाडी बंद पडते तेव्हा मी तिथे नसतो. मला शोधायची तर अर्धा दिवस घेऊन फिरायला लागेल. पार्टाची किंमत छापलेली असते, ती तुम्ही गुमान देता. फिरण्याचे दोनशे लावले तर तुम्हीच म्हणाल, नुसतं बघायचे कसले पैसे?"

गप्प बसलो. कारण मागच्याच महिन्यात, अगदी याच शब्दांत, मी म्हटलं होतं.

जरा विचार करा. आपल्या ऑफिसात प्रॉडक्शनला कधीमधी येणारा बग शोधायला तीन माणसं दोन आठवडे बसतात, आणि शेवटी एक ओळ बदलते. कोणी म्हणतं का, की एकाच ओळीचे पैसे घ्या? आपला सगळा पगार "नुसतं बघायचा" आहे. आणि तेच आपण गॅरेजमध्ये गेलो की विचार करणाऱ्या माणसाला फुकटात धरतो, आणि मग तो विचार न करता पार्ट लावतो म्हणून नाकं मुरडतो. पार्टवर पैसे मिळणार असतील तर माणूस पार्टच विकणार ना राव!

बरं, पार्ट बदलून "बरी झाली" म्हणणं किती फसवं असतं ते बघा. बिघाड तीनांतल्या एका खेपेत येतो असं धरू. मी काहीही न करता नुसता गाडीला नमस्कार केला, तरी पुढची खेप नीट व्हायची शक्यता ६७ टक्के. लागोपाठ पाच खेपा नीट व्हायची शक्यता १३ टक्के. आठ खेपा नीट गेल्या तर कुठे ती ४ टक्क्यांवर येते. म्हणजे एका चांगल्या चकरेवरून प्लगला श्रेय देणं आणि नमस्काराला देणं, दोन्ही सारखंच.

काकांशी सौदा केला. पार्ट नको, अर्ध्या दिवसाचे सहाशे. काकांचा विश्वास बसेना. म्हटलं, आधी घ्या.

आणि मग तोच माणूस बदलला हो. वीस मिनिटं पान्याला हात नाही, नुसते प्रश्न. ऊन असतानाच होतं की सकाळीही? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का? (तसं असतं तर कॅप किंवा वायरमधून करंट बाहेर पळतोय.) टाकीचं झाकण उघडलं की लगेच सुधारते का? (झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही.) हँडल वळवताना झटका येतो का? (अशा जुन्या गाड्यांत चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची एक वायर बॉडीला टेकवणं. हँडलपाशी तीच वायर सोलवटली असेल तर प्रत्येक वळणावर गाडी बंद.) हे सगळे प्रश्न त्यांना आधीपासून येत होते. विचारायला वेळ नव्हता, कारण वेळाचे पैसे नव्हते.

उत्तरं जुळवल्यावर एकच गोष्ट उरली: गरम झालं की बिघडतं, थंड झालं की सुधारतं. मग आम्ही दोघं त्र्यंबक रोडला निघालो. पहिली चकर वाया गेली. दुसऱ्या चकरेत महिरावणीच्या अलीकडे झटके, आणि बंद. मी इतका खूश झालो की रस्त्यावरचे लोक बघायला लागले :-)

काकांनी खिशातून जुना प्लग काढला, कॅपमध्ये घालून हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. या एका किकने अर्धी गाडी संशयातून सुटली. पेट्रोल, कार्बोरेटर, फिल्टर, टाकी, सगळे निर्दोष. आपण बग शोधताना कोड अर्धा अर्धा कापत जातो, तेच हे. मग चावीची वायर काढून पाहिली, तरीही ठिणगी नाही. म्हणजे तीही निर्दोष. कॉइल आणि सीडीआय नवेच. मीटर लावला पिकअप कॉइलला. मॅग्नेटोच्या प्रत्येक फेरीला सीडीआयला "आता उडव" असा इशारा देणारी ही इवलीशी कॉइल. मीटर काहीच दाखवेना, सर्किट तुटलेलं. दहा मिनिटांनी त्याच जागी तोच मीटर, शे-सव्वाशे ओहम. आत केसासारखी तांब्याची तार कुठेतरी तुटलेली. थंड असताना टोकं टेकतात, गरम झाली की दूर होतात. गॅरेजमध्ये येऊन काकूंचा हेअर ड्रायर मारला. गरम, तुटलं. गार, जुळलं. तीनदा केलं, तीनदा तेच. आता याला निदान म्हणायचं. कॉइल साडेतीनशेची. आधीच्या अडीच हजारांत तिचं नावही नव्हतं.

थंड पार्ट तपासायचा, "ठीक आहे" म्हणायचं, आणि बिघाड गिऱ्हाइकाच्या डोक्यात आहे असं ठरवायचं, हे काही आपल्याच गल्लीतलं नाही. १९८०च्या दशकात फोर्डने लाखो गाड्यांमध्ये इग्निशनचं मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे इंजिनाच्या धगीत बसवलं. गरम झालं की चालती गाडी बंद, थंड झाली की पुन्हा चालू. प्रकरण कोर्टात गेलं. २००० साली कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाने कंपनीने हा दोष लपवल्याचं म्हटलं, आणि २००१ साली तडजोड झाली. इतकी वर्षं लागली, कारण असा दोष दाखव म्हटलं की दिसत नाही.

कोणी म्हणेल, तासावर पैसे दिले तर मेकॅनिक नुसता टाइमपास करेल. काही जण करतील. आपल्यातले करत नाहीत? उपाय सोपा आहे. पैसे देताना एकच विचारायचं: बिघाड मला करून दाखवा, आणि तो गेलेलाही करून दाखवा. दुसरं कोणी म्हणेल, पार्ट बदलून बघणं हीसुद्धा चाचणीच आहे. आहे की! पण मग जुना पार्ट परत लावून बिघाड परत येतो का, हेही बघायला हवं. आणि तिसरे म्हणतील, नवी इंजेक्शनवाली गाडी घ्या, ती स्वतःच सांगते. सांगते, पण काय? पी-०३०० हा कोड म्हणजे "मिसफायर होतोय". ते बाबांना टेम्पोसमोर कळलंच होतं. का होतोय, ते शोधायला माणूसच लागतो, आणि त्या माणसाला पोट असतं.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी घेऊन जाल तेव्हा दोन गोष्टी करा. बिघाड कधी, किती वेळाने, कशात आला ते कागदावर लिहून न्या, आणि "शोधायचे किती?" हे आधी विचारा. "फक्त बघितलंच तर" हे वाक्य मी आता तोंडातून काढणार नाही.

ता. क. : आज अकरावी खेप, एकही झटका नाही. हिशोबाने एक टक्का शंका उरते. बाबा म्हणतात, तेवढी राहू दे.