थर्मोस्टॅट काढू नका

गाडी एकदा घाटात तापली की गॅरेजमध्ये पहिला बळी थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवणाऱ्या झडपेचा जातो. "आपल्या हवेत लागत नाही, काढून टाकू." काही महिन्यांनी तोच मालक विचारतो, ॲव्हरेज का पडलं?

डिझेल इंजिन मुळात कमी उष्णता वाया घालवतं, म्हणून ते तापायलाही वेळ लावतं. ८५-९० अंशांच्या आसपास ते खरं खुलतं. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. निफाडच्या थंडीत तापमानाचा काटा वर चढायलाच तयार नसतो. इंजिन गार दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, डिझेल जास्त सोडतो, त्यात घट्ट ऑइलचं घर्षण. बीएस-६ गाड्यांत तर धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं कामही अडतं.

बरं, काढल्याने तापणं थांबेल म्हणावं, तर तेही नाही. बऱ्याच इंजिनांत हीच झडप गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. ती नसली की काही कूलंट रेडिएटरला न जाताच परत इंजिनात शिरतं, आणि खंबाटकीच्या चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापू शकते.

तपासणी घरी होते. सकाळी गार गाडी सुरू करा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा होजपाइप चाचपा. बहुतेक गाड्यांत तो बराच वेळ गार राहून मग एकाएकी गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा आहे. सुटा भाग हातात असेल तर दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा अंशांचा आकडा कोरलेला असतो. पाणी तिथवर आलं की आतलं मेण वितळून फुगतं, दट्ट्या सरकतो, झडप उघडू लागते. हे प्रत्येक गाडीमालकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

बोअरचं पाणी मात्र रेडिएटरमध्ये कधीच नको, क्षार बसतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणातच घाला. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं.

ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा, त्याच पंपावर. आणि मायलेज वाढवणारी बाटली विकत घेण्याआधी मेकॅनिकला विचारा: माझ्या गाडीत थर्मोस्टॅट आहे ना?

– चक्रधर