शारजाचं इंजिन आणि शेनाळ्याचा घाट

आमच्या मंडणगडात परदेशातून आलेल्या माणसाकडे लोक पूर्वी अत्तर आणि घड्याळं बघायचे. आता विचारतात, "भाई, इंजिन आणलंत का?" थोडी अतिशयोक्ती करतोय, पण फार नाही. जुनी महिंद्रा जीप स्वस्तात घ्यायची, तिचं पेजो इंजिन उतरवायचं आणि जपानी टर्बो डिझेल बसवायचं, हे आमच्या तरुणांचं सध्याचं वेड आहे. माझ्या चुलतभावाने तेच केलं. कुवेतला नऊ वर्षं काढलेला माणूस, त्याच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही गाडी त्याने हौसेसाठी न ठेवता रोजच्या वापराला काढली.

रोजचा वापर म्हणजे काय, तर माझी चाची आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. पहाटे निघायचं, शेनाळ्याचा घाट उतरायचा, दुपारी थकलेल्या बाईला घेऊन तोच घाट चढायचा. एका एप्रिलमध्ये म्हाप्रळ सोडून गाडी चढाला लागली आणि काटा लाल रेषेच्या वर गेला. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. चाची रस्त्याकडेला दगडावर दीड तास बसून होती. शेवटी एका टेम्पोवाल्याने तिला घरी सोडलं. इंजिनाचं हेड तडकलं होतं. दुसरं हेड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मिळेपर्यंत सहा आठवडे गेले.

इंजिन टोयोटाचं १केझेड-टीई होतं, तीन लिटरचं. नाव ऐकून कोणीही मान डोलावेल. आखातात टोयोटा लाखो किलोमीटर चालते, हे आमच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथल्या हायलक्समध्ये पाहिलेली पुष्कळ इंजिनं टर्बोविना होती, उदाहरणार्थ ५एल. शिवाय ती स्वतःच्या रेडिएटरसह, स्वतःच्या पंख्यासह, वेळच्या वेळी सर्व्हिस होऊन चालली. टर्बोवाल्या २एल-टी आणि १केझेड या दोन्ही इंजिनांची हेड गरम झाल्यावर तडकतात, ही त्यांची जगभर माहीत असलेली दुखरी बाजू. अशा इंजिनाला भावाच्या फिटरने जीपचा मूळ रेडिएटर ठेवला होता. बासष्ट घोड्यांच्या इंजिनासाठी बनवलेला रेडिएटर त्याच्या दुपटीच्या इंजिनाला कसा पुरणार?

आणि विकत घेतो ते काय? शारजाच्या भंगारातलं किंवा अर्ध्या कापलेल्या गाडीतलं इंजिन. किती चाललं, माहीत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कोणी सांगत नाही. हा बेल्ट लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग कुर्ल्याची वारी ठरलेली. बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळी सीलं इंजिन जमिनीवर असतानाच बदलावीत. चार पैसे वाचवायला कोणी ते करत नाही.

टर्बोबद्दल मुळात माझं काही वाकडं नाही. आपल्या स्टँडवर उभ्या असलेल्या बोलेरोला कंपनीतूनच टर्बो येतो आणि ती वर्षानुवर्षं वडाप करते. पण टर्बोची चाकी मिनिटाला लाखाच्या घरात फिरते आणि तिचा सगळा आधार तेलाच्या पातळ थरावर असतो. घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली की आतलं तेल जळून काजळी धरते. मिनिटभर गाडी चालू ठेवावी, तेल वेळेआधी बदलावं, एअर फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला उघडून बघावा, रबरी पाइपांचे क्लिप आवळावेत. एवढं केलं तर टर्बो टिकतो. भाऊ हे करायचा. त्याच्या सुट्टीनंतर गाडी चालवणारा पोरगा करायचा नाही. रोजच्या गाडीला चार हात लागतात, हे बदल करताना कोणी धरतच नाही.

ब्रेकचं तर विचारूच नका. ताकद दुप्पट, ब्रेक तेच जुने ड्रमचे. पावसात घाट उतरताना मी पुढच्या सीटवर बसून कलमा पुटपुटलोय.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम कडकपणे वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "मंडणगडात कोण बघतो?" असं भाऊ म्हणाला. खरं आहे, रोज कोणी बघत नाही. पण अपघात झाला की आरसीवरचा इंजिन नंबर पहिल्यांदा बघतात, आणि विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. समोरच्या जखमी माणसाचे पैसे मग तुमच्या घरावर येतात. गाडीत बसलेला आणि रस्त्याने चालणारा, दोघेही आपल्याकडे अमानत असतात, असं मी मानतो.

मग काय करावं? त्याच पेजो इंजिनाला रीबोअर, नवे पिस्टन, पंपाचं काम. मंडणगड-दापोलीतला कुठलाही जुना फिटर डोळे मिटून करेल, सुटे भाग महाडला नाही तर मुंबईत मिळतील. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रांगेल, पण वर पोहोचेल. हौस असेल तर दुसरी जीप ठेवा, रविवारी मैदानात फिरवा.

भावाने मूळ इंजिन भंगारात विकलं होतं, तीच मोठी चूक. या सुट्टीत त्याने तसंच एक जुनं शोधून आणलंय, अजून पडवीत ताडपत्रीखाली पडलंय. चाची सध्या शेजाऱ्यांच्या बोलेरोने जाते, डिझेलचे पैसे आम्ही वाटून देतो.