पुढे वंश नाही, म्हणून?

काकांनी केलेला वंशवृक्ष परवा मेलने आला. आजीच्या बहिणीपुढे दोनच शब्द: ‘वंश नाही’. अहो, ती सिस्टर झाली, वाळीत नव्हती पडली! (काका, रागवा खुशाल.)

म्हणे नोंदी सापडत नाहीत. कशा सापडतील? मठात गेल्यावर बाप्तिस्म्याचं नाव मागे पडायचं, संताचं लागायचं; आणि तुम्ही शोधताय जुन्याच नावाने. १९१७च्या चर्चच्या कायद्यानुसार प्रवेश मागणारीला बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे आणि व्रतांचा सही केलेला कागद संस्थेच्या दप्तरात राही. म्हणजे दोन्ही नावं एकाच कपाटात.

लग्नांच्या नोंदींसाठी वसईला तीन खेपा घातल्यात ना? मग मदर सुपिरियरना एक पत्र लिहायला काय झालं होतं? मी कालच टाकलंय.